सुखाच्या बोलीवर दिलेली श्रद्धा

मोहगावातून पोरगं शिकायला किंवा कामाला नागपूर-पुण्याकडे निघालं की घरातलं मोठं माणूस त्याला एक उपदेश करतंच. "देवावर भरोसा ठेव, मायबापाचं ऐक, सारं बरोबर होते." पोरगी सासरी निघाली तरी हेच सांगितलं जातं. सप्ताहाच्या मांडवात आणि तेरवीच्या प्रवचनात तोच उपदेश मोठे शब्द घेऊन येतो: सत्य श्रद्धेतच आहे, सुखही श्रद्धेतच आहे, आणि ज्याने शंका घेतली त्याला दोन्ही मिळत नाहीत. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या आमच्या मराठी पट्ट्यात हा उपदेश इतक्या मायेने दिला जातो की त्याला उत्तर देणं उद्धटपणाचं वाटतं.

तरी उत्तर द्यायला हवं. या एका उपदेशात तीन विधानं आहेत. एक, श्रद्धा ठेवली की सुख मिळतं. दोन, वडीलधाऱ्यांनी दिलं तेच सत्य, ते पुन्हा शोधायचं नसतं. तीन, शंका घेणारं मूल घराशी आणि देवाशी द्रोह करतं. ही तिन्ही विधानं मला अमान्य आहेत, आणि श्रद्धेच्याच बाजूने अमान्य आहेत. महाशिवरात्रीला सर्पा नदीकाठच्या अर्धनारीश्वरापुढे उभं राहताना माझे हात आपोआप जुळतात, आणि ते जुळणं मला सोडायचं नाही. म्हणूनच सांगतो: सुखाच्या बोलीवर दिलेली श्रद्धा पहिल्या मोठ्या दुःखात मोडते, आणि सत्याची वाट बंद करून दिलेली श्रद्धा भीती होऊन बसते. मुलाला यातलं काहीच देऊ नये.

पहिलं विधान आधी घेतो. श्रद्धेने सुख मिळत असतं तर अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरात सुखाला तोटा नसता. या विद्वान ब्राह्मणाने बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात संसार मांडला. तिथे १८५८ साली रमा जन्मली. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत, तीर्थामागून तीर्थ करत देशभर हिंडलं. १८७०नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी शास्त्रात सांगितलेलं काही करायचं ठेवलं नाही. उपास केले, अनुष्ठानं केली, जवळ होतं ते देवकार्यात आणि दानात घातलं. शेवटी झाडपाला खायची वेळ आली. अंगमेहनतीचं काम करायची कधी सवयच लावलेली नव्हती, त्यामुळे काम मागायलाही जीव धजेना. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर मोठी बहीण गेली. हे कुणा टीकाकाराने रचलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात स्वतः लिहून ठेवलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: त्यांच्या श्रद्धेत कुठेतरी खोट राहिली असेल. हे उत्तर देणाऱ्याने ते एकदा त्या उपाशी मुलीसमोर उभं राहून म्हणून पाहावं. सुख मिळालं तर श्रद्धेचं फळ आणि नाही मिळालं तर श्रद्धा कमी पडली, असं म्हणत गेलं की कुठलाच अनुभव या विधानाला कधी खोटं पाडू शकत नाही. मग त्यातून काही कळतही नाही. उरतो तो फक्त दुःखी माणसावर एक जास्तीचा आरोप. संत्र्याचा बहार गळालेल्या, कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला, मूल न झालेल्या बाईला, अपघातात पोरगा गेलेल्या बापाला हा आरोप आपल्याकडे रोज ऐकावा लागतो. कधी शब्दांत, कधी नुसत्या नजरेत. ज्या उपदेशाचा दुसरा अर्धा भाग असा निघतो त्याला मायेचा उपदेश म्हणता येत नाही.

अनंतशास्त्र्यांनी मात्र मरताना लेकीला वेगळंच सांगितलं होतं. तेही तिनेच लिहून ठेवलं आहे. मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. या शब्दांत सुखाचा वायदा कुठेच नाही. भुकेने मरणाऱ्या बापाला तो करवलाच नसता. आणि हाच उपदेश टिकला. भावाबरोबर पायी देश तुडवत ती मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी तिला 'सरस्वती' म्हटलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७च्या दुष्काळात ती आमच्या मध्य प्रांतात आली आणि उपासमारीतल्या शेकडो मुली-बायकांना वाचवून आपल्याबरोबर घेऊन गेली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं.

तिने बापाचा शब्द पाळला की मोडला? पुण्यातल्या सनातन्यांच्या हिशेबी मोडला. पण चर्चच्या चौकटीतही ती निमूट बसली नाही. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनीने तिला आईच्या मायेने वागवलं, तिला रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि एक जोखड उतरवून दुसरं घालायला मी आलेले नाही. माझं मत विचाराल तर बापाचा शब्द तिने पुरता पाळला. देवाची हो, असं त्याने सांगितलं होतं. माझ्या समजुतीची हो, असं सांगितलं नव्हतं. आजचे उपदेश करणारे या दोन गोष्टींतलं अंतर पुसून टाकतात, आणि माझी हरकत तिथेच आहे.

श्रद्धाळू माणसं इतरांपेक्षा समाधानी असतात असं पाहण्यांत दिसतं, हा दाखला आता प्रवचनांतही देतात. दाखला खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. चायून लिम आणि रॉबर्ट पटनम या दोन अभ्यासकांनी २०१० साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की हे समाधान मुख्यतः नियमाने प्रार्थनेला जाण्यातून आणि तिथे जुळलेल्या मैत्रीतून येतं. एकट्याने मनात बाळगलेल्या मतांचा तेवढा परिणाम दिसत नाही. आम्हाला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली ती याच जाणिवेने. संध्याकाळी खंजिरीवर चार माणसं एकत्र बसली की मन हलकं होतं. माणसाला माणूस भेटल्याचा तो आनंद आहे. तो मुलांना जरूर द्यावा. पण त्याचं श्रेय शंका न घेण्याला देऊ नये. शंका घेणारा पोरगा त्या बैठकीतून उठवला गेला तर त्याचं सुख आपणच हिरावलं, आणि वर त्यालाच सांगितलं की पाहा, श्रद्धा नसली की असं होतं.

विनोबांनी आपल्या आईची सांगितलेली एक आठवण इथे लागू पडते. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत घेतलं होतं. ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडील विज्ञानाचे जाणकार. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ मोजून घे, मग लाखाला किती लागतात ते तोलून काढ, कमी पडू नयेत म्हणून अर्धा तोळा वर घाल. हिशेब बिनचूक होता. आईला काय उत्तर द्यावं सुचेना, तिने विन्याला, म्हणजे विनोबांनाच, विचारलं. विन्या म्हणाला, हे गणित नव्हे, ही भक्ती आहे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचं नाव येतं. आईला ते पटलं आणि मोजणं चालू राहिलं.

ही गोष्ट बुद्धीपेक्षा भावना मोठी, एवढं सांगायला वापरतात. मला तिच्यात आणखी काही दिसतं. लाख दाण्यांच्या बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न त्या बाईच्या मनात नव्हता. हिशेब वाहण्याचा करायचा नाही असं ज्याला वाटतं, त्याने मिळण्याचाही करू नये. 'श्रद्धा ठेव म्हणजे सुखी होशील' हे वाक्य नेमकं मिळण्याचा हिशेब करतं. एवढी श्रद्धा दिली, एवढं सुख येणं. आम्ही भक्तिमार्गी म्हणवतो आणि मुलांना सौदा शिकवतो. शिवाय त्या माउलीने आपली अडचण घरातल्या पोरापुढे ठेवली, त्याचं उत्तर ऐकून घेतलं. शिकवणारी तीच आणि विचारणारीही तीच. उपदेशाच्या नावाखाली आपल्याकडे जे एकतर्फी चालतं ते तिच्या घरात नव्हतं.

आता दुसरं विधान, वडीलधाऱ्यांनी दिलं तेच सत्य. याला उत्तर द्यायला नागपूर पुरेसं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा नागपूर आमच्याच मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्यं वेगळी झाली ती त्यानंतर १ नोव्हेंबरला. म्हणून ती घटना आम्ही पलीकडच्या राज्यातली म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. आणि तिची सुरुवात बाप-लेकाच्या एका संवादात आहे. बाबासाहेबांनी तो 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवला आहे.

सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी. घरात शिस्त, भजन, रोजचं वाचन. रामायण-महाभारत मुलांकडून वाचून घेण्याचा त्यांचा आग्रह असे. भीमरावाने विचारलं, ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना कमी लेखलं आहे ते आम्ही का वाचायचे? बापाने प्रश्न दडपला नाही. त्याने कारण दिलं: आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे, तो जावा म्हणून हे वाचायचं. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान ठिकाणाहून किती उंच गेले. वाल्मीकी कोळी होता, त्याने रामायण रचलं. हे कारण पोकळ नव्हतं. बाबासाहेबांनीही त्यात तथ्य असल्याचं मान्य केलं आहे. पण समाधान झालं नाही, आणि त्यांनी बापाला तसं तोंडावर सांगितलं. भीष्म, द्रोण, कृष्ण मला पटत नाहीत, रामाचं वालीशी आणि सीतेशी वागणं पटत नाही. त्यावर रामजी गप्प बसले. पोरगा बंड करून उठला आहे हे त्यांना कळलं होतं.

बापाचं ते गप्प बसणं मला मराठी घरांच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. त्यांना हात उगारता आला असता. घरातून निघ म्हणता आलं असतं. देव शिक्षा करील असा धाक घालता आला असता. त्यांनी यातलं काही केलं नाही आणि पोराला शिकवण्यासाठी पैसा उभा करणंही थांबवलं नाही. त्याच वयात गुरुवर्य केळुसकरांनी भीमरावाला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि जी वाट सापडली ती नागपूरच्या मैदानापर्यंत गेली. रामजींनी दिलेली श्रद्धा मुलाने नाकारली. पण पहाटे उठून वाचण्याची सवय, शब्दाशी प्रामाणिक राहण्याची शिस्त, अपमान गिळायचा नाही हा बाणा, हे सगळं बापाच्याच घरातलं होतं. बाप हरला असं कोण म्हणेल?

विनोबांचंही असंच. १९१८ साली आई गेली तेव्हा त्यांनी सांगितलं की अंत्यविधी भटजीकडून नको, मी स्वतः वेदमंत्र म्हणून करतो. घरच्यांना ते मान्य झालं नाही. विनोबा स्मशानात गेले नाहीत. घरीच राहिले, स्नान केलं आणि वेदाध्ययन सुरू केलं. आजच्या कुठल्याही घरात याला आईशी बेइमानी म्हणतील. पण संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, तूच मराठीत लिही, असं त्या आईने एकदा पोराला सांगितलं होतं. तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी त्याने 'गीताई' लिहायला घेतली. आईच्या चितेपाशी न गेलेला मुलगा आणि आईसाठी गीता मराठीत आणणारा मुलगा एकच होता. जे पटत नाही ते न करण्याची हिंमतही त्याच श्रद्धेतून आली होती. तिसऱ्या विधानाचं, म्हणजे शंका घेणारं मूल द्रोही असतं या समजुतीचं, उत्तर यात येऊन जातं.

आणि या सगळ्याआधी जोतीराव फुल्यांनी हा विषय मुळापासून मांडून ठेवला होता. १८८८ साली अर्धांगवायूने उजवी बाजू गेली तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली ते छापलं गेलं. प्रश्नोत्तरांच्या त्या पुस्तकाची सुरुवातच माणूस सुखी कसा होईल या प्रश्नाने होते, आणि जोतीरावांचं उत्तर असं की सत्याने वागल्याशिवाय नाही. त्यांनी क्रम लावून दिला आहे: आधी सत्य, मग सुख. निर्मिकावर त्यांची श्रद्धा होती, ते नास्तिक नव्हते. त्याच पुस्तकात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, बाप बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली एकमेकांवर माया करत राहतात. १८९१ साली हे छापून आलं. आज मोहगावात, नागपुरात, पुण्यात असं घर चालू देणारे मायबाप किती निघतील, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावं.

कुणी म्हणेल ही सगळी थोरामोठ्यांची उदाहरणं, आमच्या साध्या उपदेशाने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं, आणि इथेच बिघडतं.

जामसावळीचा पिंपळाखाली निजलेला हनुमान या भागाचं श्रद्धास्थान आहे. लांबलांबून माणसं येतात. मन बिघडलेल्या माणसांना 'बाधा झाली' म्हणून तिथे आणतात, मूर्तीच्या बेंबीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. पोराला घेऊन तिथे बसलेल्या आईची श्रद्धा मी कमी लेखणार नाही, तिला दुसरं दार दिसलेलं नसतं. पण तिला 'फक्त भरोसा ठेव, डॉक्टरकडे नेलंस तर बजरंगबली रुसेल' असं सांगणाऱ्याने कुणाचं भलं केलं? तमिळनाडूतल्या एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा दर्ग्याच्या आशेने आणून साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना आणणारी माणसं निर्दय नव्हती, श्रद्धाळू होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं बंद केलं, आणि उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८पासून 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालवला गेला. मुजावर दुवा देतो आणि जवळच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. लोकांची श्रद्धा त्याने कमी झाली नाही. सत्य श्रद्धेच्या शेजारी बसवता येतं, याचा हा जिवंत पुरावा आहे. जामसावळीला अशी एक खोली असावी, ही मागणी आपण भाविकांनीच करायला हवी. तोवर दूरच्या वैद्याची वाट पाहत बसायचीही गरज नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, आणि हा आकडा नारळ-अगरबत्तीच्या प्रत्येक दुकानावर लिहायला काय हरकत आहे?

संत्र्याच्या बागेत आपण हे शहाणपण दाखवतोच. झाडाला डिंक्या लागला तर खोड खरवडून बोर्डो मलम लावतो, कोळशी आली तर फवारणी करतो, आणि देवीला नवसही बोलतो. फवारणी केली म्हणून देवी कोपली, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. झाडाच्या बाबतीत चालणारी अक्कल लेकराच्या बाबतीत नास्तिकपणा कशी ठरते?

दुसरं उदाहरण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, चंडीमातेचं नाव घेतात आणि दोन्ही काठांवरून गोटे सुरू होतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. माणसं मेलेली आहेत, डोळे गेलेले आहेत. बंदोबस्त झाला, समजावणी झाली, गोट्याऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, काही चाललं नाही. का चाललं नाही? आजाने फेकला म्हणून बापाने फेकला, बापाने फेकला म्हणून पोरगा फेकतो. काठावर उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला कुणीतरी घरचंच माणूस घेऊन आलेलं असतं. त्याला गोटा देण्याआधी 'हे आपण का करतो?' असं विचारायची मुभा कुणी दिलेली नसते. 'बापाचं ऐक, सारं बरोबर होते' या उपदेशाचं हे उघड्या नदीत दिसणारं रूप आहे. देवीला रक्त हवं आहे असं कुठल्याही भक्ताने छातीवर हात ठेवून सांगावं. कुणी सांगणार नाही, तरी गोटमार चालते, कारण ती श्रद्धेवर चालतच नाही. न विचारण्याच्या सवयीवर चालते.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक मला म्हणतील, मग सरळ सांगा की मुलांना श्रद्धा देऊच नका, मोठी झाली की त्यांची ती ठरवतील. हेही मला मान्य नाही. कोरी पाटी ठेवलेलं घर जगात कुठेही नाही. देवाचं नाव काढलं तरी पैशाचं, जातीचं, पुढाऱ्याचं, मोबाइलमधल्या बुवाचं नाव त्या पाटीवर कुणीतरी लिहितंच. ज्या मुलाने घरात कधी विचार करून मानलेली श्रद्धा पाहिली नाही, त्याला बाजारातली खोटी श्रद्धा ओळखायची कशी? रमाबाई, विनोबा, बाबासाहेब ही तिघंही श्रद्धेच्या घरात वाढली. नाकारायला आणि पारखायला त्यांच्यापुढे काहीतरी भरीव होतं. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं, पण कुणाला जबरदस्तीने नास्तिक करण्याची मोहीम त्यांनी चालवली नाही. त्यांचा झगडा शोषणाशी होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा आमच्या हद्दीत येत नाही. सौंसरच्या पुढे थोड्याच अंतरावर असलेल्या राज्याच्या सीमेवर तो थांबतो. म्हणून इथल्या मायबापांवर जबाबदारी जास्त आहे. पोलिसाने जे काम तिकडे करायचं ते इकडे घरातल्या बोलण्याने करावं लागेल.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना आहे. 'सामान्य माणसाला एवढं कुठे झेपतं? त्याला साधी श्रद्धाच बरी.' हा आक्षेप नम्र दिसतो, पण त्यात आपल्याच माणसांचा अपमान आहे. ज्या वारकरी परंपरेचा हवाला देऊन हे बोललं जातं, ती शिंप्याने, माळ्याने, कुंभाराने, चोखामेळ्याने आणि जनाबाईने उभी केली. देहूचा तुकाराम दुष्काळात बायको आणि मूल गमावून बसला, दिवाळं निघालं. देवाने सुख दिलं म्हणून तो देवाकडे गेला नाही. तो विठ्ठलाशी भांडला, त्याला जाब विचारला, आणि वाट्याला आलेली कर्जखतं नदीत बुडवली. साध्या माणसाला सत्य झेपत नाही असं म्हणणाऱ्याला या परंपरेचा आधार घेता येणार नाही. झेपत नाही ते साध्या माणसाचा प्रश्न ऐकून घेणाऱ्याला.

मुलांना निरोप देताना काय सांगावं हे म्हणून ठरवायला हवं. आमच्या देवाचं नाव जरूर सांगावं, ते आपल्याला का लागतं हेही सांगावं. ज्या रात्री झोप लागली नाही त्या रात्री भजनाने आधार दिला असेल तर तेही लपवू नये. पण त्याबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात. देवावर भरोसा ठेवलास तरी दुःख येईल, आणि ते आलं तर तुझी श्रद्धा कमी पडली असं कुणालाही, आम्हालाही, म्हणू देऊ नको. देवाच्या नावाने कुणी खोटं करायला, कुणाला कमी लेखायला, आजारी माणसाला औषधापासून तोडायला सांगितलं तर ऐकू नको, सांगणारा आपल्या घरातला असला तरी. आणि कधी तू परत येऊन म्हणालास की तुमचा देव मला पटत नाही, तर आम्हाला वाईट वाटेल, आम्ही कदाचित वाद घालू, रामजींसारखे गप्पही बसू. पण तुझं ताट मांडणं थांबणार नाही.

हे तिसरं वाक्य ज्या आईबापाला म्हणता येत नाही, त्याने पहिली दोनही म्हणू नयेत. सत्य शोधायला निघालेल्या लेकराला घर गमावण्याची भीती असेल तर ते खोटं बोलायला शिकेल, आणि आपण त्या खोट्यालाच श्रद्धा म्हणत राहू.